बूट अडकवलेलं दार

पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पीठ कुठं मिळेल?"

आमची पवनचक्की पीठ दळत नाही. ती पाणी उपसते, म्हणजे पूर्वी उपसायची. खालच्या शेतांतलं पाणी वरच्या कालव्यात चढवायचं, एवढंच तिचं काम. दारात उभं राहिलं की दोन्ही बाजूंना पाणीच दिसतं. तरी शनिवारी मी चक्की उघडी असल्याचं निळं निशाण चढवलं की लोक सायकली टेकवून आत येतात आणि पिठाची चौकशी करतात. मी पूर्वी चिडायचो. आता "संपलं" म्हणतो. ते हळहळतात आणि जिना चढायला लागतात.

मी एप्पो डाल्लिंगा. चाळीस वर्षं पाणीखात्यात विजेच्या पंपावर नोकरी केली, म्हणजे ज्या पंपानं ही चक्की बेकार केली त्याच पंपावर. निवृत्त झालो आणि रीतसर परीक्षा देऊन हौशी चक्कीवाला झालो. बायको म्हणते, "आधी मारलीस, आता तिची कबर झाडतोयस." तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

पण मला सांगायचंय ते हार्मकेबद्दल.

हार्मके वीर्सेमा दारावर असायची. मी चक्कीवर आलो त्याच्या कितीतरी आधीपासून ती तिथं होती. चक्की कशी चालते हे सांगायला ती कधी पुढे आली नाही, जिना चढून वरही कधी गेली नाही. उंच, हाडापेराची बाई. बगलेत कॉफीचा थर्मास, अंगात बाराही महिने तोच राखाडी कोट. आत येणारी माणसं ती मोजायची आणि बाहेर जाणारीही मोजायची. उंच माणसाला म्हणायची, "वाका जरा, चक्की तुमच्याहून म्हातारी आहे." फोटो काढता काढता कुणी मागं सरकायला लागलं की सरळ दंडाला धरून ओढायची, मग तो डॉक्टर असो की पाद्री. एकदा तिनं माइन्डर्टच्या खास पाहुण्याची कॉलर धरली होती. माइन्डर्ट म्हणजे आमच्या चक्की मंडळाचा अध्यक्ष. त्याच्याबद्दल पुढं बोलावंच लागणार आहे, इच्छा नसली तरी.

दाराची भानगड अशी आहे. आमच्या चक्कीची पाती जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवरून जातात. वारा जिकडून येईल तिकडं चक्कीचा माथा वळवावा लागतो, आणि माथ्याबरोबर पातीही त्या बाजूला येतात. म्हणून चक्कीला दोन दारं असतात, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. पाती ज्या बाजूला असतील ते दार बंद, जाणं-येणं दुसऱ्या दारानं. चुकून पात्यांच्या दारानं बाहेर पडलं तर काय होतं ते मी पाहुण्यांना सांगत नाही. माजलेला बैल अंगावर आला तर माणूस एखादे वेळी वाचतो.

वीर्सेमांच्या घराण्यात यावर एक रीत होती. बंद दाराला आतून लाकडी अडसर लावायचा, आणि त्या अडसरावर लाल रंगवलेला एक जुना लाकडी बूट अडकवायचा. जिकडं बूट, तिकडून जायचं नाही. आत अंधार असतो, चाकांचा खडखडाट असतो, कोण कुठून आलं आणि कुठं तोंड आहे हे पटकन कळत नाही, पण लाल बूट दिसतो. वारा फिरला की घरातला मोठा माणूस बाहेर मागच्या बाजूला चाकावर राबून माथा वळवायचा, आणि घरातलं पोर आत बूट आणि अडसर एका दाराचा काढून दुसऱ्या दाराला लावायचं. आम्ही ती रीत तशीच ठेवली होती. मी बाहेर माथा वळवायचो आणि हाक मारायचो, "हार्मके, पश्चिम!" ती आत बूट लावायची, अडसरावर हात ठेवायची आणि मोठ्यानं म्हणायची, "बंद!" पोरंटोरं हसायची. ती हसत नसे.

पाच वर्षांपूर्वी माइन्डर्टनं आत एक फलक लावला. तो आयुष्यभर घरं विकत आला, त्यामुळे कुठल्याही भिंतीवर काहीतरी लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. "लोकांना नुसती चाकं नको असतात, एप्पो. माणसाची गोष्ट हवी असते," हे त्याचं म्हणणं. फलकावर ओब्बे वीर्सेमाचा, म्हणजे हार्मकेच्या बापाचा फोटो होता आणि खाली मोठ्या अक्षरांत मजकूर. एकोणीसशे सत्तावन्नच्या ऑक्टोबरात चक्कीवाल्या ओब्बेनं वाऱ्याकडं माथा वळवला, पण दाराला अडसर लावायला तो विसरला, आणि त्याची बायको फेना पात्याखाली सापडून मेली. शेवटी एक ओळ होती: "असं म्हणतात की वादळात अजूनही तिची बादली वाजते."

ती बादलीची ओळ माइन्डर्टच्या डोक्यातली. कुणी असं काही म्हणत नाही.

गोष्ट मात्र गावाला पाठ होती. आम्ही तीच ऐकत वाढलो. फेना गेल्यावर ओब्बेनं चक्की सोडली आणि गावात दोन खोल्यांच्या घरात राहून पुठ्ठ्याच्या कारखान्यात कामाला लागला. फेनाचे भाऊ त्याच्याशी मरेपर्यंत बोलले नाहीत. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसत नसे. आणि आम्ही पोरं काय दिवे लावत होतो? मी आठ वर्षांचा असताना आम्ही चौघांनी एक फुटका लाकडी बूट शोधला, लाल रंगवला आणि ओब्बेच्या घराच्या कडीला अडकवून पळालो. कुंपणामागून बघत होतो. दार उघडलं ते हार्मकेनं. तिनं बूट काढला, एप्रनखाली लपवला आणि दार लावून घेतलं. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. मला आजही त्याची लाज वाटते, आणि वाटायलाच हवी.

फलक लागला त्या दिवशी पाहुणे गेल्यावर हार्मके त्याच्यासमोर उभी राहिली. चष्मा लावून तिनं तो दोनदा वाचला. मग बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसली.

"एप्पो, हे खोटं आहे."

"बादलीचं ना? मी सांगतो त्याला काढायला."

"बादली राहू दे. बाबा विसरले नव्हते. बूट मी लावला होता. चुकीच्या दाराला."

मी बाकावरच तिच्याकडं वळून बसलो.

तिनं थर्मासचं झाकण भरून कॉफी ओतली, प्यायली नाही, आणि सगळं सांगितलं. तीन दिवस पाऊस कोसळत होता, खालची शेतं बुडाली होती. सकाळपासून वारा पूर्वेचा होता, दुपारी तो फिरून पश्चिमेचा झाला. ओब्बेनं पाती थांबवली आणि माथा वळवायला घेतला. हार्मके नऊ वर्षांची. तिनं पूर्वेच्या दाराचा बूट काढला, अडसर काढला, आणि तेवढ्यात जिन्याखाली मांजरीनं घातलेली पिल्लं बघायला वाकली. दोन दिवसांची पिल्लं होती, डोळेसुद्धा उघडले नव्हते. उठली तेव्हा समोर दिसलं त्या दाराला तिनं अडसर घातला आणि बूट अडकवला. ते दार पुन्हा पूर्वेचंच होतं. आई बटाट्याच्या सालींची बादली घेऊन बकरीकडं निघाली होती. तिनं बूट बघितला, वळली, आणि पश्चिमेच्या दारानं बाहेर गेली. पाती उभी होती, आवाज नव्हता. बादलीतून साली सांडल्या म्हणून ती वेचायला वाकली. पाती धरून ठेवणारा ब्रेकचा दोर चक्कीच्या मागच्या बाजूला असतो, तिथून पुढचं काही दिसत नाही. ओब्बेनं दोर सोडला.

"बाबांनी मला उचलून बकरीच्या गोठ्यात नेलं," हार्मके म्हणाली. "म्हणाले, 'चूक माझी आहे, तुझी नाही. कुणी विचारलं तर तू काही सांगायचं नाहीस.' मग पोलिसाला सांगितलं, पाद्रीला सांगितलं, मामांना सांगितलं. मी विसरलो म्हणाले. मी तिथंच उभी होते रे. तोंड उघडलं नाही."

"नऊ वर्षांची होतीस."

"पुढं एकोणीस वर्षांची झाले, एकोणतीसची झाले. तेव्हाही उघडलं नाही."

तिनं झाकणातली कॉफी गवतात ओतून दिली. मग तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "आमच्या कडीला बूट अडकवणाऱ्यांत तू होतास ना?"

"चौघं होतो."

"तुझे पाय दिसत होते कुंपणाखालून. एका पायात मोजा नव्हता."

एवढंच. त्यावर पुन्हा कधी बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिनं माझ्यामागं एकच धोशा लावला: फलकावरून बाबांचं नाव काढायचं आणि तिथं तिचं घालायचं. तिला दुसरं काही नको होतं. बाबांनी तिच्यासाठी खोटं बोलून सगळा जन्म मान खाली घालून काढला, तेव्हा ती असेपर्यंत निदान भिंतीवर तरी खरं लिहिलेलं असावं. नाहीतर ती गेल्यावर तेच खोटं कायमचं राहणार.

माइन्डर्टनं आधी टाळाटाळ केली. मग मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की फलक तरी बदल नाहीतर दुसरा चक्कीवाला तरी बघ. तो हार्मकेला म्हणाला, "लिहून द्या, सही करा. पुढं कधी नवीन फलक केले की बघू." तिनं शाळेच्या वहीच्या दोन कागदांवर सगळं लिहिलं, मांजरीच्या पिल्लांसकट, आणि सही केली. तिची अक्षरं कशी रांगेत उभी केल्यासारखी होती. कागद माइन्डर्टच्या खणात गेले, आणि खणातच राहिले.

तीन वर्षं ती दर हंगामाला विचारत राहिली आणि तो "बघतो" म्हणत राहिला. त्या तिसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये मी माथा वळवला, "पूर्व!" म्हणून हाक मारली, आतून "बंद!" आलं. मी सहज पाणी प्यायला आत गेलो. बूट पश्चिमेच्या दाराला होता. पूर्वेचं दार सताड उघडं, बाहेर हातभर अंतरावर पातं उभं. हार्मके एका पोराच्या बुटाची नाडी बांधत होती.

मी गुपचूप बूट हलवला. तिला काही बोललो नाही. चूक कुणाचीही होते, असं मी स्वतःला सांगितलं. पण ती त्याच आठवड्यात गावातल्या दुकानात माझ्या बायकोला भेटली आणि एकच गोष्ट तिनं तिला तीनदा विचारली. बायको घरी येऊन म्हणाली, "हार्मकेचं काहीतरी बिनसतंय." मला ते ऐकायचं नव्हतं. मी तिच्यावर खेकसलो.

तेव्हापासून मी रीत बदलली, कुणाला न सांगता. माथा वळवायचा, हाक मारायची, आतून "बंद!" आलं की दोर न सोडता आत जायचं आणि बूट बघायचा. हार्मकेनं भुवई वर केली की म्हणायचं, "टोपी राहिली आत." कधी म्हणायचं चष्मा राहिला. पण बहुतेक वेळा टोपीच. ती म्हणायची, "तुझं डोकं धडाला जोडलंय म्हणून बरं, नाहीतर तेही राहिलं असतं." बूट बहुधा बरोबर असायचा. दोनदा नव्हता.

तिला दारावरून काढायला हवं होतं, असं आज कुणीही म्हणेल. माझी बायको म्हणतेच. पण तिच्याकडून दार काढून घेणं मला जमलं नाही, मी भ्यालो. त्यापेक्षा मागून बघणं सोपं होतं.

हंगामाचा शेवटचा शनिवार ऑक्टोबरात आला. सकाळी वारा पूर्वेचा होता, आभाळ शिशासारखं. पाहुणे पाच-सहाच. दुपारी वारा फिरला आणि पश्चिमेकडून झोंबायला लागला. मी पाती थांबवली, चाकावर राबून माथा वळवला, साखळी घातली. कंबर भरून आली होती.

"हार्मके, पश्चिम!"

"बंद!"

मी आत गेलो. बूट पूर्वेच्या दाराला होता. पश्चिमेच्या उंबऱ्यात एक बाई पाठमोरी उभी राहून कोटाची बटणं लावत होती. दोर मी अजून सोडला नव्हता, पाती सुटणार नव्हती, तरी मी धावतच तिच्यापाशी गेलो. मी तिला म्हटलं, "बाई, इकडून जा, तिकडं चिखल आहे." मी पूर्वेचा अडसर काढला, ती गेली. मग मी पश्चिमेचं दार ओढलं, त्याला अडसर घातला, बूट अडकवला आणि वळलो. हार्मके माझ्यामागं उभी होती.

"टोपी राहिली होती," मी म्हणालो.

"टोपी तुझ्या डोक्यावर आहे, एप्पो."

मी हात वर नेला. होती.

"कधीपासून बघतोयस?"

"जूनपासून."

"किती वेळा चुकलं?"

"आज धरून चार."

ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. त्याच जिन्याखाली ती पिल्लं होती. मला वाटलं आता ती रडेल किंवा माझ्या अंगावर येईल. ती भिंतीतल्या एका फळीकडं बघत राहिली. तिथं आता मंडळाची माहितीपत्रकं असतात.

"बाबांची तंबाखूची पिशवी तिथं असायची," ती म्हणाली. "दर वेळी माथा वळवला की बाबा आत यायचे. 'तंबाखू राहिली' म्हणायचे. आई हसायची. म्हणायची, 'तंबाखू खिशात शिवून देऊ का?' दर वेळी, एप्पो. मग जाऊन दोर सोडायचे."

मला कळायला लागलं आणि नको झालं.

"ते माझ्यामागून बघत होते," हार्मके म्हणाली. "म्हणजे मी आधीही चुकत होते. किती वेळा देव जाणे. आणि त्या दिवशी पाणीखात्याचा माणूस आला होता, बांधावर उभा राहून बोंबलत होता, 'सोड लवकर, शेतं बुडाली, सोड!' बाबा आत आले नाहीत. तंबाखू घ्यायला आले नाहीत."

बाहेर ती बाई कुणालातरी हाका मारत होती. हार्मके उठली नाही.

"ते खोटं बोलले नव्हते रे. चूक माझी म्हणाले ते खरंच म्हणाले. मला वाटलं माझ्यासाठी खोटं बोलले. त्या खोट्याची भरपाई म्हणून मी सव्वीस वर्षं त्यांच्या डब्यात पाव भरून दिला. युरिअन माझ्याशी लग्न करून मला बोटीवर घेऊन जायला आला होता, पार ऱ्हाइनपर्यंत जाणारी बोट होती त्याची. मीच त्याला नाही म्हटलं. बाबांना एकटं कसं टाकू? माझ्यामुळं सगळं गमावलेला माणूस." तिचा आवाज चढला. "एक वाक्य बोलायचं होतं त्यांनी! मी रोज बघत होतो, त्या दिवशी बघितलं नाही. एवढंच!"

"मग तुला कळलं असतं ना, की तू आधीही चुकत होतीस."

"कळलं असतं तर काय झालं असतं? नऊ वर्षांची होते मी. नऊ वर्षांची पोरं चुकतातच."

हे ती स्वतःच्या तोंडानं पहिल्यांदाच म्हणत होती. मी तीन वर्षांपूर्वी हेच म्हणालो तेव्हा तिनं उडवून लावलं होतं. पंच्याहत्तर वर्षांच्या त्या बाईकडं मी बघत होतो आणि मला ओब्बेचा भयंकर राग आला, आणि त्याची दयाही आली, आणि कडीला अडकवलेला तो बूट पुन्हा आठवला. मी तिच्या शेजारी बसलो. आम्हा लोकांना मिठ्या मारता येत नाहीत. मी थर्मास उघडून तिला कॉफी दिली.

संध्याकाळी मी तिला गाडीत घालून माइन्डर्टकडं नेलं. ती दारातच म्हणाली, "मी लिहून दिलेले कागद परत द्या. फलक आहे तो बरोबर आहे. फक्त 'विसरला' काढा. 'त्या दिवशी बघितलं नाही' असं लिहा."

माइन्डर्ट जेवायला बसला होता, हातात काटा होता. "हो, हो. बघतो," तो म्हणाला. कागद कुठं ठेवलेत ते त्याला त्या वेळी आठवेना.

त्या हिवाळ्यात हार्मके दोनदा रस्ता चुकली. दुसऱ्या वेळी ती पहाटे चक्कीच्या दाराशी सापडली, कुलूप चाचपत. फेब्रुवारीत तिला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवलं. चांगली जागा आहे, ऊब आहे, वाटाण्याचं सूप पातळ असतं एवढंच. पण तिथलं मुख्य दार काचेचं आहे आणि कुणी जवळ गेलं की आपोआप उघडतं. हार्मके दिवसभर त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायची आणि बाहेर जाणाऱ्याला अडवायची. "इकडून नाही. दुसऱ्या दारानं." सासूला भेटायला आलेल्या एका जावयाच्या कोटाची बाही फाटली. मग त्यांनी तिला दुसऱ्या मजल्यावर हलवलं.

तिथल्या खिडकीतून समुद्राकडच्या विजेच्या नव्या पवनचक्क्यांची रांग दिसते, चाळीस-पन्नास तरी असतील. एप्रिलमध्ये मी गेलो तेव्हा ती त्यांच्याकडं बघत होती.

"तिकडं बूट कोण लावतं?"

"त्यांची पाती खाली येत नाहीत, हार्मके. फार उंच असतात."

"तरी कुणीतरी बघायला हवं."

मग एकदम तिनं मला ओळखलं. तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं. "एप्पो, फलक बदलला?"

मी त्याच सकाळी चक्की उघडून आलो होतो. फलक बदललेला होता. ओब्बेचा फोटो गेला होता. त्याच्या जागी शाळेतल्या जुन्या फोटोतून मोठा केलेला, दोन वेण्यांचा, नऊ वर्षांच्या हार्मकेचा चेहरा होता. मथळा होता, "चिमुकल्या हातांची चूक". खाली मांजरीच्या पिल्लांसकट सगळं. पहिल्याच कुटुंबानं तो मोठ्यानं वाचला आणि मग त्यांनी मला विचारलं, "ते दार कुठलं?" मी माइन्डर्टला फोन केला. तो म्हणाला, "तिनंच लिहून दिलंय. सही आहे खाली. आणि लोक थांबून वाचतायत, एप्पो, तू बघितलंस ना?"

"बदलला," मी हार्मकेला सांगितलं.

"काय लिहिलंय?"

"ओब्बे रोज मागून बघायचा. त्या दिवशी बघितलं नाही."

"आणि माझं?"

"तुझं काही नाही."

तिनं मान हलवली. मी उठलो तेव्हा ती पुन्हा खिडकीकडं वळली होती आणि मी कोण ते विसरली होती. "दुसऱ्या दारानं जा," ती म्हणाली. खोलीला एकच दार होतं.

मी तिथून थेट चक्कीवर गेलो आणि फलक उचकटून काढला. स्क्रू निघेनात म्हणून पहार घातली. भिंतीचा थोडा गिलावा पडला. फलकाचे तुकडे करून शेकोटीत घातले, फोटो तेवढा कापून ठेवला. माइन्डर्टनं पत्र पाठवलं, मंडळाची बैठक झाली, मला समज दिली गेली. दुसरा चक्कीवाला त्यांना मिळत नाही म्हणून मी अजून आहे.

हार्मके ऑगस्टमध्ये गेली. आम्ही पाती शोकाच्या रीतीनं तिरकी थांबवून ठेवली आणि माइन्डर्टनं त्या पात्यांचे फोटो काढले. दफनाला अकरा माणसं होती. मी मोजली.

आता दारावर कुणी नाही. मंडळानं प्लास्टिकची साखळी आणि पिवळी पाटी दिली आहे. बूट मीच लावतो. बाहेर माथा वळवतो, आत येऊन अडसर घालतो, बूट अडकवतो, "बंद!" म्हणतो, पुन्हा बाहेर जातो. गेल्या शनिवारी एक म्हातारी बाई नातवंडांना घेऊन आली होती. भिंतीवरची चार भोकं बघून तिनं विचारलं, इथं काय होतं? मी तिला बूट दाखवला. म्हटलं, या घराची रीत होती, एकानं लावायचा आणि दुसऱ्यानं मागून बघायचं.

"मग दुसरं माणूस कुठंय?" तिनं विचारलं.

मी दोराजवळ होतो. वारा चांगला होता, पोरं ओरडत होती, सोडा, सोडा. मी दोर खुंटीला परत गुंडाळला.

"आलोच," मी म्हणालो. "टोपी राहिली आत."

बाईनं माझ्या डोक्याकडं बघितलं. मग नातवंडांना हाताला धरून थांबवून ठेवलं, मी परत येईपर्यंत.